मास्सिमो ओस्ती

मास्सिमो ओस्ती (1944–2005) हा इटलीतल्या बोलोन्याचा फॅशन डिझायनर, पण मूळचा ग्राफिक डिझायनर. जाहिरातीची कामं करता करता टी-शर्टवर छपाई करू लागला आणि 70 च्या दशकाच्या सुरुवातीला 'चेस्टर पेरी' नावाचा ब्रँड उभा राहिला. चेस्टर बॅरी आणि फ्रेड पेरी या आधीच्या दोन कपड्यांच्या ब्रँडना ते नाव खटकलं, प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं, मग 1978 मध्ये नाव झालं सी.पी. कंपनी.

त्याचं खरं डोकं चालायचं ते कापडावर. गारमेंट डाइंग ही त्याची मोठी कामगिरी, म्हणजे आधी जॅकेट पूर्ण शिवायचं आणि मग अख्खंच्या अख्खं रंगात बुडवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सुती कापड, नायलॉन, अस्तर, शिलाईचा दोरा, सगळे रंग वेगवेगळा पितात आणि वर कपडा आटतो, म्हणून बेततानाच माप मोठं धरावं लागतं. छटांमधला जो उन्नीस-बीस फरक बाकीचे डिफेक्ट म्हणून बाजूला काढतील, तोच याला हवा असायचा.

1982 मध्ये त्याने चक्क ट्रकवरच्या ताडपत्रीचं कापड घेतलं, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळं. इतकं कडक की अंगात घालणं मुश्किल, मग प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या सच्छिद्र दगडांसोबत धुऊन धुऊन ते नरम केलं. याचं नाव तेला स्तेल्ला. हे काही सी.पी. कंपनीत बसेना, म्हणून त्याची 7 जॅकेटं वेगळ्या नावाने काढली, तोच स्टोन आयलंड हा ब्रँड. डाव्या बाहीवर बटणांनी लावलेला होकायंत्राचा बिल्ला आजही त्याची ओळख आहे, आणि इंग्लंडमधल्या फुटबॉलवेड्या पोरांनी तर तो डोक्यावरच घेतला.

पुढे तापमानानुसार रंग बदलणारं आइस जॅकेट आलं, रबराचा पातळ थर दिलेलं लिनन आणि लोकर आली. 1988 चं मिले मिलिया जॅकेट तर बघण्यासारखंच, त्याच नावाच्या इटलीतल्या मोटर रेससाठी बनवलेलं, हुडमध्येच गॉगलच्या दोन गोल काचा आणि मनगटावर घड्याळ दिसायला आणखी एक.

लष्करी आणि कामगारांचे जुने कपडे तो ढिगाने जमवायचा, उसवून बघायचा, झेरॉक्स मशीनवर कॉपी काढून तुकडे जोडायचा आणि त्यातूनच नवं डिझाइन काढायचा. 90 च्या दशकात तो स्टोन आयलंडमधून बाहेर पडला, लेफ्ट हँडसारखे ब्रँड काढले. 2000 मध्ये लिव्हाइस आणि फिलिप्सने मिळून एमपी3 प्लेअर आणि मोबाइल आतच बसवलेलं जॅकेट बाजारात आणलं, त्याचंही डिझाइन ओस्तीचंच.