‘लाल बटण जास्त विकतं’: अर्धवट खरं

नाशकात द्राक्षवाला असो की पैठणीवाला, वेबसाइट करताना एक फर्माईश ठरलेली: ‘बटण लालच ठेवा.’ आधार म्हणून हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी सांगितली जाते. तिच्यात हिरव्यापेक्षा लाल बटणावर २१ टक्के जास्त क्लिक आले, हे खरं. पण त्या पानावर आधीच हिरव्याचा भरणा होता! लाल उठून दिसणारच. हिरव्यागार द्राक्षघडांवर ते चालेल. येवल्याच्या लाल पैठण्यांच्या फोटोंत तेच बटण हरवेल.

‘निळा म्हणजे विश्वास’ हेही तसंच. स्टेट बँक निळी, आयसीआयसीआय नारिंगी. लोक पैसे दोन्हीकडे ठेवतात.

त्यापेक्षा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, तपासा. वेबच्या सुलभता निकषांत (कमी दिसणाऱ्यांनाही साइट वापरता यावी म्हणून ठरवलेल्या) साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ : १ लागतो. पिवळ्यावर पांढरी अक्षरं (आपल्याकडची लाडकी जोडी) तिथेच नापास होतात.