दोन महिने बंद असलेलं आउटबोर्ड मशीन सुरू करताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या काळात ताडपत्रीखाली राहिलेलं, होडीच्या मागे लावायचं कार्बोरेटरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन ऑगस्टमध्ये पकडत नाही, तेव्हा सगळा जोर दोरीवर निघतो. दोष मात्र बहुतेक वेळा पेट्रोलचा असतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं, पाणी जास्त झालं की त्याच्यासकट तळाला बसतं, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते.

म्हणून मे महिन्याचं पेट्रोल वापरू नका. टाकी रिकामी करा. कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या; खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. ताजं मिश्रण करताना ५०:१ च्या मशीनला १० लिटरमागे २०० मिली टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डसाठीचं) तेल घाला. मोटरसायकलचं टू-टी तेल नको, त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

मशीन पाण्यात किंवा पिंपात हवं, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर. पिंपात लावत असाल तर पंखा काढून ठेवा. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू सोडा. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी पंप बाण वर करून धरा आणि कडक होईपर्यंत दाबा. गिअर न्यूट्रल, किल-स्विचची क्लिप जागेवर, थ्रॉटल स्टार्टच्या खुणेवर, चोक पूर्ण बाहेर. दोरी हळू ओढा, अडल्यासारखी वाटली की झटका द्या.

एकदा भुरभुरून बंद पडलं तरी चोक लगेच अर्धा आत घ्या. आपल्याकडे ऑगस्टची हवा काही थंड नसते, चोकचं काम काही सेकंदांचंच. तो बाहेर ठेवून दहा वेळा ओढलं की प्लग भिजणारच.

चार-पाच ओढींत पकडलं नाही तर थांबा, प्लग काढून बघा. ओला असेल तर पुसून वाळवा, परत बसवा, चोक आत, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पाच-सहा वेळा ओढा. पकडताच थ्रॉटल खाली घ्या. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही: नळीचा जोड आणि फिल्टर तपासा. नवा प्लग बी७एचएस-१० असेल, तर शेवटचा १० म्हणजे फट १.० मिमी. चोक आत घेतला की दर वेळी बंद पडत असेल तर आयडल जेट (कार्बोरेटरमधली मंद चालीची बारीक भोकाची पितळी नळी) चिकटलाय. त्यात तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार दिसली नाही तर मशीन बंद करा. आधी धारेच्या भोकात जाड तंगूस घालून बघा, कुंभारीण माशी तिथे माती भरते. भोक मोकळं असूनही धार नसेल तर इंपेलरची (पाणी ओढणाऱ्या पंपातल्या चाकाची) रबरी पाती कडक झाली असतील, तो बदलाच.

केरोसीनवर चालणारं मशीन नेहमी पेट्रोलवर सुरू करा, गरम झाल्यावरच केरोसीन द्या. किनाऱ्याला लागण्याआधी काही मिनिटं पुन्हा पेट्रोलवर घ्या. वाटीत केरोसीन राहिलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे मशीन पकडत नाही.