बादली तीच, हात लांब

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरून सहज चालता येतं. तीच हात ताणून पुढे धरली की खांद्याला कळ लागते, तोल जातो. पाणी तर थेंबभरही वाढलेलं नसतं!

क्रेनचं अगदी असंच आहे. 'ही 50 टनी क्रेन' म्हणतात, पण ते 50 टन, बूम म्हणजे क्रेनचा लांब हात आखूड ठेवून, जवळून उचलायचे. 5 टन माल 4 मीटरवर असेल तर क्रेन उलटवू पाहणारा जोर 5 गुणिले 4, म्हणजे 20 टन-मीटर. बूम झुकवून तोच माल 8 मीटरवर नेला की 40.

हा हिशेब क्षणोक्षणी करणारं यंत्र म्हणजे लोड मोमेंट इंडिकेटर, साइटच्या भाषेत 'एलएमआय'. बूम उचलणाऱ्या जॅकमधला तेलाचा दाब, बूमचा कोन आणि लांबी यांवरून ते भार काढतं आणि लोड चार्टशी, म्हणजे किती अंतरावर किती भार चालेल त्या तक्त्याशी, ताडून पाहतं. मर्यादा जवळ आली की बझर वाजतो. ओलांडली की कट-ऑफ. पण कट-ऑफ क्रेन सरसकट बंद पाडत नाही. माल वर घेणं, बूम लांबवणं, झुकवणं थांबतं. माल खाली टेकवता येतो, बूम आत घेता येते. सुटकेची वाट उघडी ठेवणारी ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. म्हणूनच बझरचा त्रास नको म्हणून कट-ऑफ निकामी करणारी बायपासची किल्ली फिरवलेली पाहिली की जीव तुटतो.

बूमच्या टोकाला साखळीवर एक छोटं वजन लोंबत असतं. हूक फार वर येऊन त्याला टेकला की साखळी सैल पडते, स्विच सुटतो आणि वायर रोप तुटायच्या आत हूक थांबतो.

वाऱ्याचं मात्र अवघड. 14 जुलै 1999 रोजी अमेरिकेत मिलवॉकीच्या स्टेडियमवर छपराचा 400 टनांहून जड तुकडा चढवताना 'बिग ब्लू' ही अजस्र क्रेन कोसळली, 3 कामगार गेले. त्या रुंद तुकड्यावर वाऱ्याचा जोर किती बसेल, हे धरलंच नव्हतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. बूमवरचा वायुवेगमापक वेग सांगतो. खाली लटकलेला माल शिडासारखा पसरट आहे, हे त्याला कळत नाही. ते उचल आखणाऱ्यानेच धरायचं.

जमिनीचंही तसंच. क्रेन कलल्याचं संवेदकाला कळतं तेव्हा आउटरिगरखालची, म्हणजे क्रेनच्या बाजूला पसरलेल्या आधाराच्या पायांखालची माती खचायला लागलेली असते. म्हणून पावसाळ्यात भरावाच्या जागेवर आधी जाड लाकडी स्लीपर किंवा लोखंडी प्लेटा टाकायच्या, मगच आउटरिगरचे जॅक टेकवायचे.