जुन्या अमेरिकन हाफ डॉलरमधल्या 'व्हरायटी'मागची पार्श्वभूमी

१८०७ ते १८३६ मधले हाफ डॉलर, म्हणजे अर्ध्या डॉलरची नाणी, जमवणारी मंडळी भिंगातून तासन्‌तास काय बघत असतात असं वाटत असेल, तर ते 'व्हरायटी', म्हणजे एकाच सालच्या नाण्यांमधले ठशांचे बारीक फरक, शोधत असतात, आणि त्यांचं मूळ फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आहे. १७९२च्या कायद्याने ती उभी राहिली, पण सुरुवातीला सगळं हातकामच. नाणं पाडायचा पोलादी ठसा, म्हणजे डाय, त्यावर लेडी लिबर्टीचा चेहरा एका मुख्य पंचने उठायचा, पण तारे, अक्षरं आणि सालाचे आकडे एकेक करून हाताने ठोकायचे, त्यामुळे कुठे तारा किंचित तिरका, कुठे आकडा वर सरकलेला, आणि दोन डाय कधीच अगदी सारखे नाहीत.

त्यात चांगलं पोलाद महाग, डाय टाकून देणं परवडायचं नाही. जुन्या डायवर नवा आकडा ठोकायचा आणि चालू! १८१५चे सगळे हाफ डॉलर १८१२च्या डायवर २ चा ५ करून पाडलेले आहेत, ते जेमतेम ४७,१५०, आणि जानेवारी १८१६ मध्ये टांकसाळीला आग लागली, १८१६ साल छापलेला हाफ डॉलर नाहीच. पण या छंदाचा खरा हिरो १८१७/४, म्हणजे ४ वर ७ ठोकलेला. तो १९३० पर्यंत कोणाच्या लक्षातच आला नव्हता, आणि आजही माहीत असलेले नग डझनभरच. डायला लवकर भेग गेली, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

मग एवढी नाणी टिकली कशी? चांदीचा डॉलर १८०४ नंतर पाडणं बंद पडलं, त्यामुळे बँकांच्या तिजोऱ्यांत आपापसातले हिशेब चुकते करायला हाफ डॉलरच पडून राहिले, लोकांच्या हातात फारसे घासले गेले नाहीत. बारीक फरक आज दिसतात ते म्हणूनच.

या व्हरायटींची यादी करायचा प्रयत्न १८८१ मध्ये हॅसेल्टाइन या नाणेतज्ज्ञाने केला, मग १९२९ मध्ये बिसलने, पण रोजच्या बोलण्यात रुजले ते ओव्हर्टनच्या १९६७च्या पुस्तकातले नंबर. आता कोणी साल सांगून 'ओ-१०२' (ओ म्हणजे ओव्हर्टन) म्हटलं की डायची जोडी, म्हणजे नाण्याच्या दोन बाजूंचे ठसे, लगेच डोळ्यासमोर. १८०७ ते १८३६ च्या साधारण साडेचारशे जोड्या आहेत, १९६६ पासून तर त्यांच्या वेडापायी 'बस्ट हाफ नट क्लब' नावाचा क्लबच आहे ('बस्ट' म्हणजे नाण्यावरचा लिबर्टीचा अर्धपुतळा, 'नट' म्हणजे वेडा), नावातच कबुली दिलीय! १८३६ मध्ये वाफेवरचा प्रेस आला, कडेवरची अक्षरं गेली, आणि हाताने ठोकलेल्या त्या चुकांचा सुकाळही हळूहळू आटला.