बांगलादेशातील ऑनलाइन जुगार : कायदेशीर स्थिती

बांगलादेशात ऑनलाइन सट्टा बेकायदा आहे. बंगालीत सट्टा, पत्ते, फासे या साऱ्यालाच ‘जुया’ म्हणतात. देश मुस्लिमबहुल, म्हणून बंदी धर्मामुळेच आली असे मानले जाते. कुराणाने (5:90) ‘मैसिर’ म्हणजे जुगार दारूच्या बरोबरीने निषिद्ध ठरवला आहे, आणि समाजमनावर त्याचा पगडा मोठा आहे. कायद्याची वाट मात्र निराळी. इस्लाम राजधर्म झाला 1988 साली. जुगार रोखण्याची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद 18(2) त्याआधीच, 1972 च्या धर्मनिरपेक्ष संविधानात होता. शिक्षेची तरतूद तर थेट इंग्रजी अमलातली, 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्यातली.

या जुन्या कायद्याची सारी भिस्त अड्ड्यावर होती. अड्डा चालवणाऱ्याला 200 टका (टका हे बांगलादेशी चलन) दंड किंवा तीन महिने कैद, ही कमाल शिक्षा. सप्टेंबर 2019 मध्ये ढाक्यातल्या क्रीडा क्लबांवर धाडी पडल्या आणि आत चक्क कॅसिनो सापडले, तेव्हा हा कायदा किती दुबळा आहे ते उघड झाले. अटक झालेल्यांवर मुख्यतः शस्त्रे, अमली पदार्थ आणि मनी लाँडरिंगचे गुन्हे लावावे लागले.

मोबाइलवरच्या सट्ट्याला तर अड्डाच नसतो. चहाच्या टपरीवर क्रिकेटचा सामना चालू असतो. पुढच्या षटकात किती धावा, यावर पोरगा पैसे लावतो. ‘बिकाश’ किंवा ‘नगद’ या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवांवरून एजंटाच्या नंबरावर रक्कम गेली की खात्यात तेवढी शिल्लक दिसते. संकेतस्थळ परदेशातून चालते. जाहिरातही आडवाटेने, बातम्यांचे संकेतस्थळ म्हणून येते. 2022 मध्ये शाकिब अल हसनने अशाच ‘बेटविनर न्यूज’शी करार केला आणि क्रिकेट मंडळाने खडसावल्यावर तो मोडला.

अखेर 2025 मध्ये अंतरिम सरकारच्या सायबर सुरक्षा अध्यादेशाने (कलम 20) ऑनलाइन जुगाराला थेट गुन्हा ठरवले. ॲप किंवा पोर्टल चालवणे, जाहिरात करणे, मदत करणे आणि स्वतः खेळणेही त्यात आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी टकापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चालवणारा आणि खेळणारा एकाच कलमात बांधले जाणे योग्य वाटत नाही. घरचे पैसे घालवून बसलेला मुलगा अशाने एजंटाविरुद्ध तक्रार द्यायला पोलिसांकडे कसा जाईल?

दिवाणी न्यायालयातही त्याला वाट नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 30 पैजेचा करार रद्दबातल मानते, त्यामुळे जिंकलेली रक्कम एजंटाने अडवली तरी ती वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. हेच कलम, याच क्रमांकाने, मुंबई-पुण्यातही लागू आहे.