अळी कुठलं पान खाते, त्यावर गांधीलमाशीचं नशीब

बीट, पालक, चाकवत, माठ आणि राजगिरा ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि या कुळावर ताव मारणारी एक हिरवट अळी आहे जिला इंग्रजीत नावच बीट आर्मीवर्म असं पडलंय. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा एक्झिग्वा. मूळची आशियातली, अमेरिकेत 1876 साली ओरेगॉनमध्ये दिसली आणि 1924 पर्यंत पार फ्लोरिडाला पोचली. नावात बीट असलं तरी कापूस, टोमॅटो, मका, कोबी काहीच सोडत नाही, आपल्याकडं कांदा, मिरची आणि हरभऱ्यावरही असते. 2018 पासून आपल्या मक्यावर जी लष्करी अळी आलीय तिची ही चुलत बहीण.

पण मला आज सांगायचंय ते तिच्या शत्रूबद्दल. कोटेशिया मार्जिनीव्हेंट्रिस नावाची एक गांधीलमाशी आहे, जेमतेम 3 मिलीमीटरची, माणसाला काही करत नाही. मादी लहान अळी शोधते, तिच्या अंगात एक अंडं टोचते आणि अंड्यासोबत एक व्हायरसही सोडते, तो अळीची प्रतिकारशक्ती दाबून टाकतो. पिल्लू आतच वाढतं, मग बाहेर येऊन कोष विणतं आणि अळी मरते, तीही मोठी होऊन खरं नुकसान करायच्या आधीच. आता बघा, पिल्लू अळीला खातंय, अळी पानाला खातेय, म्हणजे शेवटी पिल्लाच्या पोटात जातंय ते पानच. माझं म्हणणं एवढंच आहे की झाड कुठलं आहे हे या सगळ्यात बाजूला ठेवून चालतच नाही, आणि आपण मित्रकीटकांबद्दल बोलताना नेमकं तेच बाजूला ठेवतो.

आधी सापडण्याचा प्रश्न. एवढ्या मोठ्या शेतात एवढीशी अळी, तिला स्वतःला फारसा वास नाही, मग गांधीलमाशी पोचते कशी? 1990 साली अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी मक्याच्या रोपांवर हीच बीटची अळी सोडली. काही तासांत रोपांनी टर्पिनॉइड जातीचे वास भरपूर सोडायला सुरुवात केली आणि गांधीलमाशा त्या वासाकडे खेचल्या गेल्या. नुसतं ब्लेडनं पान ओरखडलं तर तसं होत नव्हतं, पण ओरखड्यावर अळीच्या तोंडातला रस लावला की झालं सुरू! त्या वासात लिनालूल असतं, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या धण्यांना वास देणारंच द्रव्य. गवत कापल्यावर लगेच येतो तो वास वेगळा, तो कुठल्याही जखमेनं येतो, हा मात्र अळी लागलीय हे कळल्यावरचा.

1997 मध्ये त्या रसातलं द्रव्य सापडलं, नाव दिलं व्होलिसिटिन. आणि पुढच्या वर्षी जे कळलं ते वाचून मी थक्क झालो होतो, कारण या द्रव्याचा अर्धा भाग म्हणजे लिनोलेनिक आम्ल, ते अळी पानातूनच घेते, आणि त्याला ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल स्वतःचं जोडते. म्हणजे अळीला पकडून देणारी खूण तिनं खाल्लेल्या झाडापासूनच तयार होते.

बरं, प्रत्येक पिकाचा वास वेगळा, कापसाचा वेगळा, मक्याचा वेगळा. गांधीलमाशी हे शिकते, ज्या झाडावर एकदा अळी भेटली त्या झाडाचा वास पुढच्या वेळी तिला जास्त ओढतो. त्यात पिकाच्या जातीनं पण फरक पडतो. मक्यात कॅरिओफिलीन नावाचं द्रव्य असतं, लवंग आणि मिरीतलं, ते कोटेशियाला खुणावतं, पण उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच मक्याच्या जातींमध्ये ते बनतच नाही असं 2008 मध्ये दिसलं. जीन आहे, पण तो बंद पडलेला. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंट मात्र अजून ते बनवतो.

आता समजा सापडली अळी, तरी पिल्लू नीट वाढेलच असं नाही. टोमॅटोत टोमॅटिन नावाचं विष असतं, झाडाचं स्वतःचं संरक्षण. 1979 मध्ये कॅम्पबेल आणि डफी यांनी हायपोसोटर एक्झिग्वी या दुसऱ्या गांधीलमाशीवर काम केलं, ती बीटच्या अळीतही वाढते, पण प्रयोग त्यांनी आपल्या हरभऱ्यावरच्या घाटे अळीच्या अमेरिकन बहिणीवर केला. अळीनं खाल्लेलं टोमॅटिन आतल्या पिल्लात उतरलं. वाढ लांबली, काहींना कोषातून नीट बाहेरच येता आलं नाही, काहींच्या मिशा आणि पोट वेडंवाकडं झालं, जे जगले ते हलके आणि थोड्या दिवसांचे. म्हणजे किडीला चालू नये म्हणून जास्त विषारी जात तयार केली तर त्याचा फटका मित्रालाही बसू शकतो, मला वाटतं नवीन वाण काढताना ही गोष्ट पहिल्या दिवसापासून तपासायला हवी.

याला उलटी बाजूही आहे. न मानवणाऱ्या पानावर अळी हळू वाढते, जास्त दिवस लहान राहते, आणि कोटेशियाला लहानच अळ्या लागतात, त्यामुळं तिला वेळ जास्त मिळतो. उलट राजगिऱ्याच्या जातीचं तण या अळीला फार मानवतं, बांधावर ते माजलं की तिथं पोसलेल्या अळ्या पिकात उतरतात.

आणि हे सगळं अमेरिकेतलंच असं समजू नका. आपल्या हरभऱ्यात कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची गांधीलमाशी घाटे अळीच्या लहान पिल्लांना गाठते, बीटची अळीही तिला चालते, पण तुरीवर तीच घाटे अळी असूनही ही माशी फार कमी सापडते. ट्रायकोग्रामाचं गाऱ्हाणं वेगळं, ही इवलीशी गांधीलमाशी किडीच्या अंड्यांवर जगते आणि हरभऱ्यावर तिचं काही चालत नाही, कारण पहाटे फडकं फिरवून आपण जी आंब गोळा करतो त्या आंबट दवाचाच तिला त्रास होतो. तुरीच्या शेंगांवर चिकट केसात तिचे पाय अडकतात. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा शेतात सोडायला बांधतात तो कागद, तेच, अळी तीच, बांधायचं कुठल्या पिकात ते आधी बघा.