नाताळ : धार्मिक अर्थ आणि उगम

येशू ख्रिस्ताच्या जन्माचा ख्रिस्ती सण. बहुतेक ख्रिस्ती लोक तो 25 डिसेंबरला साजरा करतात. थोर पुरुषाची जयंती एवढाच अर्थ त्याला दिला, तर मुख्य गोष्टच निसटते. अनादी, अदृश्य परमेश्वर मनुष्य झाला, या श्रद्धेचा हा सण आहे. धर्मशास्त्रात याला देहधारण म्हणतात. बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांना शुभवर्तमाने म्हणतात. त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानात ते तीन शब्दांत आले आहे : ‘शब्द देही झाला.’ ‘शब्द’ म्हणजे इथे देवाचा अनादी पुत्र, ख्रिस्त.

मराठी वाचकाला इथे अवतारकल्पना आठवणे स्वाभाविक आहे. फरक मात्र मोठा आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हे एकदाच घडले, आणि त्या मनुष्यपणात काहीही देखाव्याचे नव्हते. येशूला भूक लागली, तो रडला आणि क्रूसावर खरोखर मेला. तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य कसा, यावर चर्चमध्ये शंभराहून अधिक वर्षे कडाक्याचे वाद झाले. निकीया (325) आणि खाल्सेदोन (451) येथील धर्मपरिषदांनी त्याची सूत्रे ठरवली. नाताळचा सण चर्चमध्ये रुजला तो याच काळात.

शुभवर्तमानकारांपैकी जन्माची कथा फक्त मत्तय आणि लूक सांगतात. मार्क येशूच्या बाप्तिस्म्यापासूनच, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षाविधीपासूनच, सुरुवात करतो. लूकच्या कथेत रोमन सम्राट औगुस्ताच्या शिरगणतीसाठी योसेफ आणि गरोदर मरीया नासरेथहून बेथलेहेमला जातात. उतारशाळेत जागा नसल्याने बाळाला गव्हाणीत निजवावे लागते, आणि ही वार्ता सर्वांत आधी रानात मेंढरे राखणाऱ्यांना कळते. तारणाऱ्याची खबर राजवाड्याआधी मेंढपाळांना मिळावी, यातच लूकचा सारा आशय आहे. मत्तयच्या कथेत पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्यामागून येतात. ते परराष्ट्रीय असल्याने हे तारण केवळ यहुद्यांपुरते नाही, अशी खूण चर्चने त्यांच्यात पाहिली. ते तीन होते असे मत्तय लिहीत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून परंपरेने तो आकडा धरला. गोठ्याच्या देखाव्यातले बैल आणि गाढवही या कथांत नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या एका वचनावरून आले.

जन्माची तारीख बायबलमध्ये नाही. मत्तयच्या कथेत येशू यहुदियाचा राजा हेरोद याच्या काळात जन्मतो, आणि हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. 4 मध्ये झाला असे सामान्यतः मानतात. त्यामुळे येशूचा जन्म त्याआधीचा धरला जातो. पहिल्या पिढ्यांचा मोठा सण येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, होता. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन याला तर वाढदिवस पाळणे हे मिसरचा राजा फारो आणि हेरोद (वरच्या हेरोदाचा मुलगा) अशा दुष्ट राजांचे काम वाटे. 25 डिसेंबरची जुनी स्पष्ट नोंद इ.स. 354 च्या एका रोमन संग्रहात सापडते. तिचे मूळ 336 च्या सुमारास जाते असे अभ्यासक मानतात. त्याच संग्रहात या दिवशी ‘अजिंक्य’ देवाचा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिवसही नोंदलेला आहे. त्यावरून चर्चने सूर्याचा सण उचलला असे सर्रास सांगितले जाते, पण प्रश्न इतका सोपा नाही. दुसरे मत गणिताचे आहे. येशू क्रूसावर गेला तो दिवस 25 मार्च असे पश्चिमेत मानत. गर्भधारणाही त्याच तिथीला झाली असे धरले, तर नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर येतो. पूर्वेकडे 6 एप्रिल धरत, म्हणून तिथे 6 जानेवारी आला. दोन्ही तारखांचा उलगडा एकाच रीतीने होतो, म्हणून हे मत मला अधिक वजनदार वाटते. दोन्ही कारणांनी मिळून तारीख पक्की झाली, हेही शक्य आहे.

उपासनेत हा अर्थ नीट दिसतो. सणाआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. त्यात ख्रिस्ताच्या पहिल्या येण्याची आठवण आणि पुन्हा येण्याची प्रतीक्षा असते. कॅथलिक परंपरेत मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) लूकची गव्हाणीची कथा वाचतात, तर दिवसाच्या मिस्साला योहानाचा पहिला अध्याय. रात्री कथा कानावर पडते, दिवसा तिचा अर्थ. दुसऱ्याच दिवशी पहिला हुतात्मा स्तेफन याचे स्मरण होते आणि 28 डिसेंबरला, बाळ येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारलेल्या बालकांचे. पौर्वात्य चर्चच्या चित्रांत तर गव्हाणी थडग्यासारखी आणि बाळाचे कपडे कफनासारखे काढतात : हा जन्म क्रूसाकडे जाणारा आहे. जिवंत जनावरांसह गव्हाणीचा देखावा असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो या गावी उभारला. वसईत आणि गोव्यात घरोघरी मांडल्या जाणाऱ्या गोठ्याचा वंश तिथवर जातो.

आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च आजही जन्म आणि बाप्तिस्मा 6 जानेवारीला एकत्र साजरे करते. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुने जुलियन पंचांग पाळत असल्याने तिथला 25 डिसेंबर आपल्या 7 जानेवारीला येतो. पश्चिमेत 6 जानेवारी ज्ञानी लोकांच्या भेटीचा ठरला. गोव्यात रेईस मागूश, चांदोर आणि कासावली येथे त्या दिवशी तीन राजांचे, म्हणजे परंपरेने राजे मानलेल्या या ज्ञानी लोकांचे, फेस्त (चर्चचा उत्सव) भरते.